दीपगृहाचं पोस्टर: कड आणि दाणा (प्रकल्प नोंदी)

३ जून

काम हातात आलं. ए३ मापाचं उभं पोस्टर, म्हणजे २९७ × ४२० मिमी. खाली समुद्र, मध्ये खडक, खडकावर दीपगृहाचा मनोरा, उजवीकडे एक छोटी होडी, मागे ढग. छपाई स्क्रीन प्रिंटिंगने (बारीक जाळीतून शाई दाबून), तीन शायांत: फिका पिवळा, विटकरी लाल आणि गडद निळा. कागद पांढुरका. बाज जुन्या शिळाछापाच्या (दगडावरून छापलेल्या) पोस्टरचा हवा आहे, पण मूळ आकार व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांच्या गणितात साठवलेले) ठेवायचे, कारण तेच पुढे लहानमोठ्या मापांत वापरले जाणार आहेत.

तीन शायांत मधल्या छटा मिळवायच्या तर मार्ग दोनच. शाईवर शाई चढवायची, नाहीतर दाण्याची, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या पोताची, दाटी कमीजास्त करायची. गुळगुळीत ग्रेडियंट (एका छटेतून दुसरीत सरकणारा रंग) तसाच छापता येत नाही. स्क्रीनला शाई आहे किंवा नाही एवढंच कळतं. म्हणजे सगळं छायांकन शेवटी ठिपक्यांत उतरणार. ओपॅसिटी (रंगाची अपारदर्शकता) ४० टक्के करून वेळ मारून नेण्याची सोयच नाही, हे एका परीने बरंच.

छापणाऱ्यांची एक अट आधीच लिहून ठेवते: ०.२ मिमीपेक्षा बारीक ठिपका जाळीवर टिकणार नाही.

५ जून

सपाट आकार इलस्ट्रेटरमध्ये (व्हेक्टर चित्रांचा प्रोग्राम) पूर्ण. सगळं पेन टूलने, गुळगुळीत पाथ (आकाराची रेषा), तिला धरून ठेवणारे अँकर पॉइंट जमतील तेवढे कमी. मनोऱ्याची बाजू दोन पॉइंटांत, ढगाची पाठ सहा-सात पॉइंटांत. खडबडीतपणा या टप्प्यावर अजिबात नको. आधीच खडबडीत काढलेल्या पाथला नंतर ऑफसेट द्यायचा (कडेला समांतर आत-बाहेर सरकवायचा), कापायचं किंवा वळण सुधारायचं म्हटलं की शेकडो पॉइंटांशी झुंजत बसावं लागतं.

रंग ग्लोबल स्वॉच (एकदा बदलला की सगळीकडे बदलणारा रंग) म्हणून बांधले. प्रत्येक शाईचा एक थर, थराला मल्टिप्लाय (खालच्या रंगात मिसळून गडद करणारा मोड), म्हणजे शाई शाईवर चढल्यावर काय दिसेल याचा अंदाज पडद्यावरच येतो. पिवळ्यावर लाल चढला की नारिंगी. लालवर निळा चढला की जवळजवळ काळा, आणि हाच माझा सर्वांत गडद रंग. स्वतंत्र काळी शाई लागणारच नाही.

प्रकाश कुठून, हेही आजच ठरवलं. चंद्र चित्राबाहेर, डावीकडे वर. दिव्याचा झोत उजवीकडे. चांदणं सगळ्या वस्तूंना घडण देईल. दिवा फक्त ढगाच्या पोटावर आणि होडीच्या शिडावर पडेल. दोन्ही उजेडांनी सगळंच उजळायला घेतलं तर एकही आकार नीट उभा राहत नाही.

६ जून

कडांची चाचणी. सर्वांत हाताशी असलेला उपाय म्हणजे इलस्ट्रेटरचा रफन (कड खडबडीत करणारा) इफेक्ट. लाइव्ह आहे, अपिअरन्स पॅनेलमधून केव्हाही बदलता येतो, मूळ पाथ शाबूत राहतो. मात्र साइझ रिलेटिव्ह ठेवली तर टक्केवारी त्या त्या आकाराच्या मापावर ठरते: खडक दातेरी करवत होतो आणि होडीची कड जेमतेम हलते. एकाच चित्रात सगळ्या वस्तू एकाच हाताने काढलेल्या वाटायच्या असतील तर अ‍ॅब्सोल्यूट घेऊन सगळीकडे तेच माप द्यावं लागतं. शिवाय प्रेफरन्सेसमध्ये स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स चालू आहे की बंद, याकडे लक्ष. बंद असेल तर आकार लहान केल्यावर दात मात्र तेवढेच राहतात. कधी हेच हवं असतं, कधी नको असतं. ठरवून ठेवलेलं बरं.

साइझ ०.४ मिमीच्या आसपास, डीटेल इंचाला ३०, पॉइंट्स कॉर्नर. लांबून ठीक. जवळ गेलं की कड सगळीकडे सारखीच थरथरते. खडूने काढलेली कड अशी नसते. हात दाबला तिथे ती साफ येते, हात उचलला तिथे फुटते.

सोबत दाण्याचीही चाचणी घेतली. खडकाच्या आकारावर काळा-पांढरा ग्रेडियंट, त्यावर टेक्स्चरमधला ग्रेन, प्रकार स्टिपल्ड, वरून मल्टिप्लाय. झटपट होतं आणि कच्च्या आराखड्याला पुरतं. पण हा इफेक्ट पिक्सेलवर चालतो. डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग्ज ७२ वरून ३०० पीपीआयवर (इंचाला इतके पिक्सेल) नेली की दाणा बारीक होतो आणि आधी मंजूर केलेलं रूपच पालटतं. त्यामुळे रिझोल्यूशन आधी ठरवायचं, दाण्याचा विचार त्यानंतर.

दोन्ही एकत्र ठेवून पाहिलं. कडेचे दात मोठे आणि टोकदार, आतला दाणा बारीक आणि मऊ. दाणा आकाराचा वाटतच नाही. काचेवर धूळ बसावी तसा चित्राच्या वर तरंगतो.

७ जून

कालचं चित्र पुन्हा उघडून बसले. नेमकं काय खटकतंय?

शिळाछाप आठवून पाहिला. आलॉइस सेनेफेल्डरने १७९० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत काढली. चुनखडीचा सपाट दगड, वाळूने किंवा कुरुंदाने घासून त्यावर दाणा आणलेला, आणि त्यावर तेलकट खडूने चित्र. खडू फक्त दगडाच्या उंचवट्यांना लागतो. हलका हात असेल तर मोजके उंचवटे रंगतात, दाबला तर खळगेही भरत जातात. छटा अशी तयार होते. आणि कड? तीही तिथेच तयार होते: खडूची रेघ जिथे संपते तिथले काही उंचवटे शाई पकडतात, काही सोडतात. कडेचा तुटकपणा आणि आतला दाणा, दोन्हींचं कारण एकच दगड.

संगणकावर आपण या दोन गोष्टी दोन वेगळ्या हत्यारांनी करतो. कड एका इफेक्टने, दाणा दुसऱ्याने, मध्ये काहीच नातं नाही. मग दाणा कितीही सुंदर असो, तो चिकटवलेलाच दिसणार. म्हणून आता एकच पोत घ्यायचा आणि त्यातूनच कडही काढायची, छायाही काढायची. दगडाच्या जागी एक स्कॅन.

९ जून

तो ‘दगड’ तयार केला. खडबडीत पृष्ठभागाचा जाड जलरंगाचा कागद, त्यावर लिथो क्रेयॉन (शिळाछापाचा तेलकट खडू) आडवा धरून मध्यम दाबाने घासला, सगळीकडे सारखा. मऊ पेन्सिलीनेही करून पाहिलं. ती चकाकते आणि स्कॅनमध्ये राखाडी पडदा येतो. कोळसा खळग्यांत सांडतो, त्यामुळे उंचवटा आणि खळगा यांतला फरक पुसला जातो. क्रेयॉनच बरा.

स्कॅन १२०० पीपीआय, ग्रेस्केल. स्कॅनरची स्वतःची शार्पनिंग बंद.

फोटोशॉपमध्ये आधी हाय पास, रेडियस ६० पिक्सेल. हात कुठे जड, कुठे हलका पडला असेल तर ते मोठे डाग निघून जातात आणि फक्त दाणा उरतो. मग ३ पिक्सेलचा गॉशियन ब्लर (मऊ धूसरपणा), म्हणजे ०.२ मिमीखालची भुकटी शेजारच्या दाण्यात मिसळते. १२०० पीपीआयला ०.२ मिमी म्हणजे साधारण ९ पिक्सेल. मग इक्वलाइझ.

इक्वलाइझची पायरी वगळू नये. ती केल्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या प्रत्येक पातळीला जवळपास सारखेच पिक्सेल येतात. त्याचा उपयोग पुढच्या हिशेबात होतो.

आता हातात आहे तो खरं तर उंचवट्यांचा नकाशा. सर्वांत गडद पिक्सेल म्हणजे सर्वांत उंच टेकाड, कारण खडू तिथे आधी लागला.

१० जून

हार्ड मिक्सचा हिशेब. खालच्या थरात छायेचा साधा ग्रेडियंट, वरच्या थरात पोताचा स्कॅन, ब्लेंड मोड हार्ड मिक्स, फिल १०० टक्के. ग्रेस्केलमध्ये हा मोड फार सरळ वागतो: दोन्ही थरांच्या पातळ्यांची (० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं) बेरीज २५५ किंवा जास्त झाली तर पांढरं, नाहीतर काळं. मधलं काही नाही.

समजा ग्रेडियंटची पातळी एका जागी २०० आहे. मग पोतात जिथे ५५ पेक्षा कमी पातळी आहे, तेवढेच पिक्सेल काळे होणार. इक्वलाइझ केलेल्या स्कॅनमध्ये असे पिक्सेल साधारण २२ टक्के असतात, म्हणजे तिथे २२ टक्के शाई. ग्रेडियंट १०० वर आणला तर ६१ टक्के. ग्रेडियंटमध्ये मी जे मागते तेच कागदावर मिळतं. इक्वलाइझ न करता हेच केलं तर छाया एकदम कोसळते किंवा पांढरी पडते, कारण स्कॅनमधल्या बहुतेक पातळ्या मधल्या पट्ट्यात गोळा झालेल्या असतात.

आणि पहिली शाई पडते ती उंच टेकाडांवर. छाया गडद होत जाते तशी ती उतरणीवर येते, शेवटी खळगे भरतात. दगडावर खडूचा दाब वाढवताना नेमकं हेच घडतं. ग्रेडियंट म्हणजे दाब, बस्स.

तुलनेसाठी तोच ग्रेडियंट बिटमॅप मोडमध्ये डिफ्यूजन डिदरने फोडून पाहिला. या घराण्यातलं सर्वांत परिचित गणित रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांचं, १९७६ चं: प्रत्येक पिक्सेलची चूक शेजाऱ्यांवर वाटून द्यायची. छटा अचूक मिळते, पण ठिपके वळवळत्या रांगांत उभे राहतात आणि सगळे एकाच मापाचे. जुन्या संगणकाचा बाज हवा असेल तर छान. इथे नको.

११ जून

आता कड, त्याच दगडातून.

खडकाचा गुळगुळीत आकार घेतला, ऑफसेट पाथने ०.४ मिमी आत ओढला, १२०० पीपीआयला काळा-पांढरा रास्टर (पिक्सेलचं चित्र) केला, त्यावर १० पिक्सेलचा गॉशियन ब्लर. आता कडेवर साधारण ४० पिक्सेलचा, म्हणजे ०.८ मिमीच्या आसपासचा राखाडी पट्टा तयार झाला. त्याच्यावर तोच स्कॅन, तोच हार्ड मिक्स. पट्टा फुटला आणि कड खडूची दिसू लागली.

आत ओढण्याचं कारण: ब्लर दोन्ही बाजूंना पसरतो. आकार आत घेतला नाही तर शिंतोडे मूळ कडेच्या बाहेर पडतात आणि खडू सांडल्यासारखा दिसतो. आत घेतल्यावर सर्वांत बाहेरचा शिंतोडा मूळ कडेपाशीच येऊन थांबतो.

कड सगळीकडे सारखी फुटू द्यायची नव्हती, म्हणून ब्लर दिलेल्या आणि न दिलेल्या अशा दोन प्रती एकमेकांवर ठेवल्या आणि मास्कने (थराचा हवा तो भाग झाकून) ठरवलं कुठे कोणती. खडकाची चांदण्याकडची कड साफ, सावलीकडची फुटकी, पाण्याला टेकते तिथे जवळजवळ विरलेली. रफनमध्ये जे मिळत नव्हतं ते इथे मिळालं.

बारीक गोष्टी या वाटेने जाऊ शकत नाहीत. डोलकाठी १.२ मिमी रुंद, दोन्हीकडून ०.४ आत ओढली तर उरते ०.४, आणि तीही फुटणार. डोलकाठी, दोर आणि सज्जाचा कठडा मी त्याच कागदावर त्याच क्रेयॉनने हाताने ओढून स्कॅन केले. दगड तोच राहिला.

शेवटी इमेज ट्रेस (पिक्सेलच्या चित्रातून पुन्हा पाथ काढणं): ब्लॅक अँड व्हाइट, नॉइझ २५ पिक्सेल, इग्नोर व्हाइट. खडकाची कड पुन्हा व्हेक्टर झाली. ट्रेस फक्त कडांनाच. आतल्या दाण्याला ट्रेस करायच्या फंदात पडायचं नाही. हजारो अँकर पॉइंट तयार होतात आणि फाइल गुडघे टेकते. दाणा एक बिटाच्या टिफमध्ये (प्रत्येक पिक्सेल फक्त काळा किंवा पांढरा अशी चित्राची फाइल) सुखाने राहतो. अख्खं ए३ पान १२०० पीपीआयला १४,०३१ × १९,८४३ पिक्सेल होतं; आठ बिटांत ते न दाबता २७८ एमबी, एका बिटात अवघं ३५. आणि असा टिफ इलस्ट्रेटरमध्ये प्लेस केला की पांढरं पारदर्शक राहतं व काळ्याला हवा तो स्वॉच देता येतो. रंग बदलायला पुन्हा फोटोशॉपमध्ये जावं लागत नाही.

१२ जून

उत्सुकता म्हणून हाच प्रकार इंकस्केप या दुसऱ्या व्हेक्टर प्रोग्रामच्या फिल्टर एडिटरमध्ये बांधून पाहिला: आकाराच्या अल्फाला (पारदर्शकतेला) गॉशियन ब्लर, टर्ब्युलन्समधून नॉइझ (गणिताने काढलेला अनियमित दाणा), दोन्हींची कॉम्पोझिटने बेरीज, शेवटी कंपोनंट ट्रान्सफरने उंबरठा, म्हणजे एका पातळीच्या वर शाई, खाली कोरं. चालतं, आणि कड व दाणा एकाच नॉइझमधून येतात. टर्ब्युलन्सच्या मुळाशी केन पर्लिनचा १९८३ चा नॉइझ आहे. तो सगळ्या दिशांना सारखाच असतो, कागदाचा धागा किंवा हाताचा ओघ त्यात नाही. लहान चिन्हांना पुरेल. पोस्टरला नाही.

१३ जून

खडक. आज दिवसभर हाच.

खडकाचे पैलू आधी वेगळे केले. वरचे पैलू चांदण्यात, डाव्या उतरणीचे मधले, उजवीकडचे सावलीत. प्रत्येक पैलूला वेगळा सपाट राखाडी दिला आणि हार्ड मिक्सला लावला, तर खडक कापलेल्या खोक्यासारखा आला. उलट सगळीकडे मऊ ग्रेडियंट दिले तर तो लोण्याचा. मग प्रत्येक छायेची एक कड ठाम ठेवली आणि दुसरी विरू दिली. जिथे दोन पैलू तुटक कोनात भेटतात तिथे ठाम. तिथून छाया दूर जाते तशी ती दाण्यादाण्याने संपते. खडकाच्या मधोमध एक उभी भेग आहे. तिच्या उजव्या ओठाला शाई जवळजवळ भरीव, ८० टक्क्यांच्या वर. तिथून उजवीकडे चार-पाच मिमीत ती २० टक्क्यांवर येते आणि पुढच्या पैलूच्या ठाम कडेला धडकते. डाव्या ओठावर मात्र कोरा कागद. एवढ्या एका जागी खडकाला वजन आलं. बाकीच्या भेगा मग याच धर्तीवर भराभर झाल्या.

ठाम कडही त्या दगडातूनच काढायची. ब्लर फक्त ३ पिक्सेल, एवढाच फरक. पूर्ण व्हेक्टर कड तिथे ठेवून पाहिली तर ती सुरीने कापल्यासारखी उठून आली.

पोताची जागा हाही एक प्रश्न. प्रत्येक पैलूला तोच स्कॅन त्याच जागी ठेवला तर दाणा पैलूवरून पैलूवर अखंड वाहतो, अख्खा खडक एकाच दगडावर काढल्यासारखा वाटतो. शिळाछापात तसंच होतं, म्हणून तसंच ठेवलं. पैलूगणिक पोत फिरवला तर प्रत्येक पैलू वेगळ्या कागदाचा तुकडा दिसतो. कोलाजला ते शोभेल.

शाई निळी, खाली लालचा सपाट थर फक्त सावलीच्या पैलूंत. निळ्या दाण्यांच्या फटींतून लाल डोकावतो आणि सावली मेलेली वाटत नाही.

१४ जून

मनोरा. दंडगोल असल्याने छाया सोपी वाटते, पण सर्वांत गडद पट्टा उजव्या कडेला चिकटवला की मनोरा चपटा होतो. गडद पट्टा कडेपासून थोडा आत हवा; कडेशी परावर्तित उजेडाची पातळ पट्टी त्याहून फिकी. ग्रेडियंटचे थांबे डावीकडून: कोरं, कोरं, ३०, ७०, ४५ टक्के. मधला भाग बराच रुंद कोरा ठेवला.

एक गंमत लक्षात घेण्यासारखी. मनोऱ्याची डावी कड मनोऱ्याच्या शाईने बनतच नाही. मनोरा कोऱ्या कागदाचा, आणि त्याच्या मागचं आकाश निळं. म्हणजे फुटायची ती आकाशाची कड. आकाशाचा आकार आत ओढल्यावर निळे शिंतोडे मनोऱ्याकडे येत विरतात आणि मनोरा ०.४ मिमीने जाड भासतो. आकाशातलं मनोऱ्याच्या आकाराचं भोक आधीच तेवढं अरुंद करून घेतलं.

लाल पट्टे सपाट ठेवले, फक्त सावलीत त्यांच्यावर निळा दाणा. दीपगृहावरचे पट्टे दिवसा लांबून ओळख पटावी म्हणून असतात. ते मळवले तर मनोऱ्याचा रुबाब जातो.

१६ जून

समुद्र. पोत आडवा ३०० टक्के ताणला, उभा तसाच. दाण्यांच्या आडव्या रेघा झाल्या आणि पाणी पसरलं. तासाभरात संपलं.

१७ जून

झोत आणि ढग.

दीपगृहाच्या झोताचं चित्र नेहमी पसरत जाणाऱ्या त्रिकोणाचं काढतात. खरं पाहता फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेलने काढलेल्या, दीपगृहातल्या भिंगाची सगळी करामत उजेड पसरू न देण्यात आहे. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कॉर्डुआनच्या दीपगृहात ते बसवलं गेलं तेव्हापासून झोत जवळजवळ समांतर जातो. पण पोस्टरवर समांतर पट्टा काढला तर तो तुळईसारखा दिसतो. म्हणून अगदी थोडा पसरट काढला.

झोत पिवळ्या शाईचा, आणि त्या जागी आकाशाची निळी शाई कमी कमी. म्हणजे एकाच जागी दोन उलट ग्रेडियंट: दिव्यापाशी पिवळा भरीव, निळा शून्य, दूर जाता पिवळा विरतो, निळा दाटतो. दोन्हींना एकच स्कॅन त्याच जागी लावला तर पिवळे दाणे आणि निळे दाणे एकाच टेकाडांवर पडतात, एकमेकांवर चढतात आणि हिरवट मळकट होतात. पिवळ्यासाठी स्कॅन उलटा केला, इन्व्हर्ट. आता निळा टेकाडांवर, पिवळा खळग्यांत, आणि झोत स्वच्छ. एकाच दगडाचा नियम इथे मुद्दाम मोडावा लागला. अर्थात दगड तोच, पालथा घातला एवढंच.

ढगाच्या पोटाला पिवळा स्पर्श, बाकी निळा दाणा २० ते ५० टक्के. ढगाची वरची कड सर्वांत फुटकी, ब्लर २५ पिक्सेल.

२० जून

पहिला कच्चा छाप आला. शाई थोडी पसरते, त्यामुळे गडद भागातली कागदाची बारीक भोकं बुजली. उलट टोकाला, ५ टक्क्यांच्या आसपासचे ठिपके काही ठिकाणी बसलेच नाहीत.

यावर उपाय ग्रेडियंटमध्येच. लेव्हल्सची आउटपुट मर्यादा ३८ ते २३५ केली, म्हणजे शाई ८५ टक्क्यांवर थांबते आणि ८ टक्क्यांपासून सुरू होते. त्याहून गडद हवं तिथे सरळ भरीव आकार, त्याहून फिकं हवं तिथे कोरा कागद. मधली संक्रमणं थोडी तुटक झाली. मला ती आधीपेक्षा आवडली. खडक जास्त ठोस दिसतो.

दाण्याचं माप भिंतीवर तपासलं. माणसाचा डोळा साधारण एका कोनीय मिनिटाइतका तपशील वेगळा ओळखतो. एक मीटरवरून ते ०.२९ मिमी भरतं. आपला दाणा ०.२५ ते ०.६ मिमी, म्हणजे पोस्टरसमोर उभं राहिलं की मोठे दाणे दाणे म्हणून दिसतात आणि बारीक दाणे छटेत विरघळतात. दोन्ही हवेच होते.

२२ जून

शायांची विभागणी. तीन थर, तीन एक बिटाचे टिफ, १२०० पीपीआय, चारही बाजूंना रजिस्ट्रेशन खुणा (शाया एकमेकांवर नीट बसवण्यासाठी).

फुटक्या कडांवर ट्रॅपिंग (दोन रंगांत फट पडू नये म्हणून ते एकमेकांखाली थोडे सरकवणं) कसं करायचं? जमेल तिथे करायचंच नाही. निळा सर्वांत शेवटी छापला जातो आणि बाकी दोन्हींवर चढतो, त्यामुळे लाल व पिवळ्याचे सपाट आकार निळ्या कडेखाली ०.५ मिमी आत सरकवले, साध्या ऑफसेटने. कागद किंचित सरकला तरी पांढरी फट दिसत नाही. मनोऱ्याचे लाल पट्टे आणि कोरा कागद भेटतात तिथे काही करायचं नव्हतंच.

निळ्याचा टिफ १०० टक्के झूमवर सरकत पाहिला. समुद्र आणि खडक यांच्या सीमेवर दोन पोत भेटतात, एक ताणलेला, एक साधा. तिथे फेसाची कोरी पट्टी ठेवल्यामुळे भांडण मिटलं.

२४ जून

पडद्यासाठीची प्रत. रुंदी १०८० पिक्सेल ठेवायची, म्हणजे एक पिक्सेल ०.२७५ मिमीचा. छपाईची फाइल तशीच लहान केली तर दाणे जेमतेम एक-दोन पिक्सेलांचे उरतात: खडक गुळगुळीत राखाडी होतो, ढग मात्र चरचरत राहतात. शिवाय जेपेग ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत काम करतं, आणि अशा दाण्याभोवती त्या चौकटी उघड्या पडतात.

म्हणून लहान करायचंच नाही. त्याच गुळगुळीत आकारांपासून पुन्हा काढायचं. पोताचा स्कॅन २५० टक्के मोठा, ब्लर आणि आत ओढण्याचं माप त्याच प्रमाणात. कड आणि दाणा एकाच स्कॅनमधून येत असल्याने दोन्ही आपोआप एका मापात राहिले. अ‍ॅक्शन (फोटोशॉपने आपोआप चालवायची पायऱ्यांची साखळी) आधीच बांधून ठेवली होती, फक्त आकडे बदलले. तीन शायांच्या चढाओढीत कागद धरून जास्तीत जास्त आठ रंग संभवतात, त्यामुळे आठ रंगांचा इंडेक्स्ड पीएनजी पुरला. अँटीअलायझिंग (मधल्या छटा घालून कडा मऊ करणं) नाही.

२६ जून

ए६ कार्डाची मागणी आली, त्याच शायांत. आकार ३५ टक्क्यांवर आणले, दाणा मात्र मूळ मापाचाच लावला. तो आकारांबरोबर लहान केला असता तर ०.१ ते ०.२ मिमीवर गेला असता आणि जाळीने सोडून दिला असता. या मापाला कठडा आणि दोर बसत नाहीत, काढून टाकले. मनोऱ्याच्या तीन खिडक्यांपैकी मधली एकच ठेवली, खडकाचे पैलू जोडून निम्मे केले, भेग तशीच. आत ओढणं ०.४ वरून ०.२५ मिमी. तिन्ही टिफ पाठवले.